मुलांच्या पुढच्या वाटा : नोकरी सांभाळून पर्यावरणाचा अभ्यास



मुलगा बारावी होऊन गोदामात हजेरीवर लागला, मुलगी बी.एस्सी. होऊन घरी बसली. आता पुढे काय, हा प्रश्न भिवंडी तालुक्यात घरोघरी आहे. पूर्वी त्याचे उत्तर घरातच असे. पावसाळ्यात भात, भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल-हरभरा, आणि उरलेल्या हातांना शहरातले यंत्रमाग. आज काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, मानकोली या गावांच्या शेतांवर गोदामांचे पत्रे चढले आहेत. मागाच्या धंद्याला पूर्वीची बरकत राहिलेली नाही. आणि ज्यांची जमीन अजून शाबूत आहे, त्यांच्या बांधापर्यंत शहराचे पाणी, धूर आणि कचरा येऊन पोचला आहे.

ज्या गोष्टीचा आपल्याला त्रास होतो, तिचेच शास्त्र शिकून पोट भरता येईल काय? येईल, पण कागद हाती आला की नोकरी दारात, असे मात्र नाही. म्हणून या खेपेस पर्यावरण व्यवस्थापनाचा अभ्यास शेती किंवा नोकरी न सोडता कसा करावा, आणि त्यातून कोणती कामे मिळतात, हे सांगायचे आहे.

नावाला भिऊ नका

नाव मोठे असले तरी विषय आपल्या ओळखीचा आहे. भाताची पेज उघडी राहिली की दुसऱ्या दिवशी आंबते आणि वास मारते. आता कापडाकडे पाहा. सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला खळ चढवतात. कापड रंगवण्याआधी ती खळ धुऊन काढावी लागते. खळ म्हणजे पेजेचीच बहीण. ते धुण नाल्यात गेले की पाण्यातले जिवाणू खळीवर तुटून पडतात आणि खाता खाता पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. मग मासे वर येऊन तोंड उघडतात, आणि कामवारीसारखी नदी काळी पडून वास मारू लागते.

हा प्राणवायू किती लागेल याचे माप म्हणजे बी.ओ.डी. प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना २७ अंश उष्णतेवर ३ दिवस ठेवतात आणि किती प्राणवायू खर्च झाला ते पाहतात. कारखान्याचे पाणी नदीनाल्यात सोडायचे, तर सर्वसाधारण नियमाप्रमाणे हा आकडा लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा. सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान हवा. सामू हा शब्द तुम्ही माती परीक्षणाच्या कागदावर वाचलेला आहेच. पाणी, हवा, आवाज, कचरा यांची अशी मापे घ्यायची, ती हद्दीत कशी ठेवायची हे शिकायचे आणि त्याची नोंद ठेवायची, हेच पर्यावरण व्यवस्थापन.

काम आले कोठून?

हे काम कायद्याने आणले. १९७२ साली जूनमध्ये स्वीडनमधील स्टॉकहोम येथे जगातल्या देशांची पर्यावरण परिषद भरली. आपले राज्य त्याच्याही आधी जागे झाले होते. १९६९ साली महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध कायदा केला आणि १९७० च्या सप्टेंबरात प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. पुढे देशासाठी १९७४ साली पाण्याचा आणि १९८१ साली हवेचा कायदा झाला. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये विषारी वायूने हजारो माणसे मेली आणि १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला.

प्रत्येक कायद्यामागून कागद येतो, आणि कागदामागून माणूस लागतो. कारखान्याला मंडळाचे संमतीपत्र घ्यावे लागते. घातक कचऱ्याचा वार्षिक हिशेब ३० जूनपर्यंत द्यायचा असतो आणि पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत. शेतकऱ्याला जशी मृगाची आणि हस्ताची तारीख, तशा या कारखान्याच्या तारखा. त्या सांभाळणारा, यंत्रणा चालवणारा आणि नमुने घेणारा माणूस मालकाला लागतोच.

घर न सोडता शिक्षण

इंग्लंडात १९६९ साली मुक्त विद्यापीठ निघाले आणि काम करणाऱ्या माणसाला घरी पुस्तके पाठवून शिकवण्याची पद्धत रुजली. आपल्याकडे १९८५ साली दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले.

इंदिरा गांधी विद्यापीठात पर्यावरण विषयाचे ६ महिन्यांचे प्रमाणपत्र बारावीनंतर करता येते. दहावी झालेल्यांसाठी जलसंधारणाचे प्रमाणपत्र आहे. बारावीनंतर पाणलोट व्यवस्थापनाची पदविका आणि सेंद्रिय शेतीचे प्रमाणपत्र आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला पर्यावरण व शाश्वत विकासाची पदव्युत्तर पदविका घेता येते. पुस्तके बहुतांशी इंग्रजी-हिंदीत असतात, हे आधीच लक्षात घ्यावे. नाशिकच्या विद्यापीठाची पुष्कळशी पुस्तके मराठीत आहेत आणि शेतीचे अभ्यासक्रम त्यांनी चांगले बसवले आहेत. अभ्यासक्रम दरवर्षी थोडे कमीजास्त होतात, म्हणून चालू वर्षाची माहितीपुस्तिका पाहूनच निर्णय घ्यावा. ज्यांच्या मुलाच्या हातात फोन आहे, त्यांनी त्याला केंद्र सरकारचे २०१७ साली सुरू झालेले ‘स्वयम्’ दाखवावे. त्यावर शिकणे फुकट आहे, परीक्षेची तेवढी फी पडते.

आता वेळेचे. इंदिरा गांधी विद्यापीठाचे प्रवेश जानेवारीत आणि जुलैत होतात, परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरात. जानेवारीत नाव घातले तर परीक्षा ऐन पेरणीत येते. त्यापेक्षा जुलैचा प्रवेश शेतकऱ्याच्या घराला सोयीचा. लावणीच्या आधी फॉर्म भरून मोकळे व्हावे. श्रावण-भाद्रपदात शेतात हात थोडा रिकामा असतो, तेव्हा पुस्तके वाचून गृहपाठ लिहावेत. परीक्षा येते ती झोडणी उरकल्यावर. गृहपाठालाही गुण असतात, आळसाने ते सोडू नयेत. रोज दीड तास ठरवून बसले तर ६ महिन्यांचा अभ्यास जड जात नाही. लेकी-सुनांना हा तास मिळावा म्हणून घरातल्यांनीच एखादे काम उचलले पाहिजे.

जो मुलगा कॉलेजात पदवी करतो आहे, त्याला सोबत दूरशिक्षणाने दुसरी पदवीही करता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली तशी मुभा दिली आहे.

कामे कोणती मिळतात?

पहिले काम सांडपाणी प्रक्रिया केंद्रावरचे. कामगार त्याला ‘ईटीपी’ म्हणतात. डाइंगच्या कारखान्यात, मोठ्या वसाहतीत, रुग्णालयात ही यंत्रणा असते. चुना किंवा तुरटी किती घालायची, पंप केव्हा चालवायचा, गाळ केव्हा काढायचा, नोंदवही कशी लिहायची, हे ज्याला कळते तो टिकतो. दहावी-बारावी झालेल्या, मोटर-पंपाची सवय असलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला हे काम लवकर जमते.

दुसरे, पाणी शुद्धीकरणाचे. मुंबईच्या पाण्याचे पांजरापूर केंद्र आपल्याच तालुक्यात आहे, आणि टेमघरहून ठाणे-भिवंडीकडे पाणी जाते. अशा ठिकाणी आणि त्यांच्या ठेकेदारांकडे चालक, फिटर, नमुने घेणारे लागतात.

तिसरे, प्रयोगशाळा. खाजगी प्रयोगशाळांना पाण्या-हवेचे नमुने गोळा करणारी माणसे लागतात, आणि रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या मुलींना आत तपासणीचे काम मिळते.

चौथे, नगरपालिका-महानगरपालिकांचे. स्वच्छता निरीक्षकाच्या जागेसाठी त्या विषयाची पदविका मागतात. १९२६ साली निघालेली मुंबईची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था ती शिकवते. त्यात हजेरी आणि फिरती असते, घरबसल्या ती होत नाही.

पाचवे, कारखान्यातील पर्यावरण व सुरक्षा अधिकाऱ्याचे, आणि सल्लागार कंपन्यांतले. पगार इथे चांगले, पण विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी पाहिजे. प्रदूषण नियंत्रण मंडळातील क्षेत्र अधिकाऱ्याच्या जागेलाही पदवी आणि स्पर्धा परीक्षा लागते. नुसत्या प्रमाणपत्रावर तिथे कोणी उभे करणार नाही.

यात एक मर्म आहे. अर्धवेळ अभ्यासाची किंमत वाढते ती हातात आधी काही काम असेल तर. मागावर १० वर्षे काढलेल्या माणसाने हा अभ्यास केला, तर मालकाला तो नवख्या पदवीधरापेक्षा उपयोगी. गोदामात देखरेख करणाऱ्याने कचरा, आग आणि रसायनांच्या साठवणीचे नियम शिकले, तर तो हजेरीवरून पगारावर जाऊ शकतो. म्हणून हाती असलेली नोकरी सोडून अभ्यासाला बसू नका. नोकरीला अभ्यासाची जोड द्या.

फसू नका

जेथे मागणी असते तेथे भामटे येतात. ‘६ महिन्यांत डिप्लोमा, नोकरीची हमी’ अशा पाट्या नाक्यानाक्यावर दिसतात. पैसे भरण्याआधी विचारा : पदविका देणारे विद्यापीठ कोणते? दूरशिक्षणासाठी त्याला अनुदान आयोगाची मान्यता आहे काय? ती यादी आयोगाच्या संकेतस्थळावर असते आणि कोणताही कॉलेजचा ग्रंथपाल ती काढून दाखवील. नोकरीची हमी कोणतेही सरकारी विद्यापीठ देत नाही. जो देतो त्याच्यापासून लांब राहा. आणि या शिक्षणासाठी जमिनीचा तुकडा विकू नका. मुक्त विद्यापीठाचे प्रमाणपत्र बहुतेक घरांना जनावर न विकताही परवडावे.

नोकरीतली खरी कसोटी

एक गोष्ट माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. यंत्रणा चालवायला वीज आणि रसायने लागतात, आणि ती वाचवण्याचा मोह काही मालकांना होतो. रात्री जोराचा पाऊस पडत असला, की पाणी तसेच नाल्यात सोडून द्यावे आणि वहीत मात्र आकडे नीट लिहावेत, असे सुचवले जाते. त्या वेळी वाल्व्हवर हात कोणाचा असतो? तुमच्याच मुलाचा. आणि ते पाणी जाते कोठे? खालच्या गावात, कुणाच्या तरी मामाच्या शेतात.

अशा वेळी काय करायचे हे घरात आधीच बोलून ठेवा. मुलाने खोटी सही करू नये. यंत्रणा बंद असेल तर वहीत ‘बंद’ असे लिहावे, आणि वरिष्ठांना लेखी कळवून प्रत जवळ ठेवावी. चौकशी झाली की सही कोणाची आहे हे पाहतात, तोंडी हुकूम कोणी दिला होता हे सिद्ध करणे फार कठीण. यापायी एखादी नोकरी जाईलही. पण ज्याचे काम येते आणि सही खरी आहे, अशा माणसाला दुसरे काम मिळण्याची आशा असते. खोट्या सहीचे ओझे मात्र उतरत नाही.

गावालाही असा माणूस हवा

नोकरी लागो वा न लागो, गावात या विषयाचा एक तरी जाणकार असावा. मोठा प्रकल्प येतो तेव्हा २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पुष्कळ प्रकल्पांना जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी निघते. प्रकल्पाच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करावा लागतो, आणि मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. आपण काय करतो? सुनावणीला जाऊन ओरडतो आणि घरी येतो. ‘तुमच्या अहवालातला बी.ओ.डी.चा आकडा उन्हाळ्यातला आहे की पावसाळ्यातला?’ असे विचारणारी एक मुलगी त्या सभेत उभी राहिली, तर शंभर घोषणांपेक्षा जास्त वजन पडेल, कारण तो प्रश्न इतिवृत्तात लिहावा लागतो.

सुरुवात तर गावात झालेलीही आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील ५ महिलांना पाणी तपासायला शिकवायचे ठरले. तपासणीच्या बाटलीतले पाणी काळे पडले की ते पिण्यालायक नाही, हे ओळखणाऱ्या बाया आज गावोगाव आहेत. त्यांपैकी जी दहावी-बारावी झाली आहे, तिला पुढचे प्रमाणपत्र घ्यायला लावा. तिचा अर्धा अभ्यास हाताने झालेलाच आहे.

नाल्याचे पाणी काळे झाले म्हणून सगळेच हळहळतात. ते किती काळे झाले, कशाने झाले आणि कोणाला लिहून कळवायचे, हे सांगणारा माणूस आपल्या घरातला असला, तर त्याचे पोटही चालेल आणि बांधही राखला जाईल. लावणीची गडबड सुरू होण्याआधी घरातल्या मुलामुलींना एकदा समोर बसवून हे वाचून दाखवा.