कष्ट करतो, मग व्यायाम कशाला?



“दिवसभर हाडं झिजवतो, आणखी व्यायाम कशाला?” गोंदिया-तिरोड्याकडच्या आपल्या वस्त्यांतून हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. पण कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. राइस मिलमधला हमाल रोज त्याच खांद्यावर पोते घेतो. बिडी वळणारी माउली मांडीवर सूप घेऊन तासन् तास एकाच बैठकीत असते. रोवणीत तर दिवसभर कंबर वाकलेलीच. अशा कामात शरीराचा एक भाग झिजतो, दुसरा दुबळा राहतो. मग कंबर धरते. कंबर गेली की मजुरी गेली, आणि मजुरी गेली की मुलांच्या शिक्षणावर घाला येतो.

शहरातील व्यायामशाळांत हल्ली ‘केटलबेल’ दिसते. म्हणजे वर कडी असलेला लोखंडी गोळा. हे मूळ रशियातले वजन, १ पूड म्हणजे सुमारे १६ किलोचे. आपल्या तालमीतला मुठीचा दगडी नाल त्याचाच भाऊबंद.

त्याचा झोका असा घ्यावा. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकवा. पाठ सरळ ठेवून कुल्ले मागे न्या. गुडघे किंचितच वाकवा. उठाबशा काढायच्या नाहीत. गोळा दोन्ही हातांनी मांड्यांमधून मागे जाऊ द्या आणि कुल्ल्यांच्या जोरावर ताठ उभे राहा. गोळा आपोआप छातीपर्यंत येतो. हात केवळ दोरीसारखे. त्यांनी उचलू नका. वर येताना श्वास सोडा.

पहिला आठवडा वजन घेऊच नका. पाठीला काठी लावा. डोके, पाठ आणि माकडहाड तिला टेकलेले ठेवून नुसते वाकायला शिका. मग बायकांनी ८ किलो, पुरुषांनी १२ किलोपासून सुरुवात करावी. जड वाटल्यास त्याहून हलके घ्यावे. १० झोके, मिनिटभर विश्रांती, असे ५ वेळा. आठवड्यातून ३ दिवस पुरेत. समोर मूल उभे नाही ना, हे आधी पाहा. कमरेतून पायात कळ जात असेल, रक्तदाब वा हृदयविकार असेल, किंवा भगिनी गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

अतिरेकही नको. सोण भिक्खूंनी चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून घेतले. ते पूर्वी वीणा वाजवीत. तथागतांनी त्यांना वीणेच्याच तारेची आठवण दिली: फार ताणलेली वाजत नाही, फार सैलही वाजत नाही. व्यायामाचा मध्यम मार्ग तोच.

एकट्याला गोळा परवडत नसेल तर वस्तीने वर्गणी काढावी. रविवारी वंदनेनंतर विहाराच्या अंगणात, जाणत्याच्या देखरेखीखाली, सर्वांनी शिकावे. माता-भगिनींना मागे ठेवू नका. घरातली पहिली कंबर त्यांचीच दुखते.

जयभीम! नमो बुद्धाय!