चालायला गाडीवर जायचं?

गेल्या शनिवारी घरी, धाराशिवला गेलो होतो. संध्याकाळी चहा पिताना डोक्यावर धप धप आवाज यायला लागला. गच्चीवर जाऊन बघतो तर आई चालतेय. पाण्याच्या टाकीपासून कपड्यांच्या तारेपर्यंत, वळून परत टाकीपर्यंत. मुठीत हरभऱ्याचे दाणे. एक फेरी झाली की एक दाणा कठड्यावर. साखर वाढलीय म्हणून डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलंय, ते हे असं.

"अगं, इथं काय गोल गोल फिरतेस? तो नवीन वॉकिंग ट्रॅक झालाय ना?"

"तिथवर जायला गाडी लागते. तू असलास की सोडशील, एरवी कोण सोडणार? आणि चालायला गाडीवर बसून जायचं हे मला तरी पटत नाही बाबा."

मी गप्प बसलो. ह्याला उत्तरच नाही. पण रविवारी रात्री पुण्याच्या बसमध्ये बसल्यावर जो राग यायला लागला तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे खरडतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. जिथं चालायला गाडीवरून जावं लागतं ते चालण्याचं ठिकाण नव्हे, ती चालण्याची जिम. गाव चालण्याजोगं करायचं असेल तर फुटपाथ आणि सावली त्याच रस्त्यांवर पाहिजे जिथून लोक रोज जातातच. मंडईचा रस्ता, शाळेचा रस्ता, एसटी स्टँडचा रस्ता. बाकी सगळं, म्हणजे कुंपणातला गोल ट्रॅक, पेंग्विनच्या आकाराची कचराकुंडी आणि रंगवलेल्या भिंती, हा फोटोपुरता मामला आहे.

रविवारी सकाळी आईबरोबर मंडईत चालत गेलो आणि सवयीने मोजत गेलो. (आमच्या धंद्यात न मोजता बोललं की मॅनेजर खातो.) फोनच्या हिशेबाने अंतर तेराशे मीटर. त्यात फुटपाथ म्हणता येईल असा तुकडा दोनेकशे पावलांचा. त्यावर एक डीपी, होर्डिंगचे दोन खांब आणि ओळीने लावलेल्या मोटरसायकली. सावली देणारी झाडं नऊ. त्यातले पाच कडुलिंब एका शाळेच्या आवारातले, फांद्या भिंतीबाहेर आल्यात म्हणून आपली सोय. इंडियन रोड्स काँग्रेसने पादचाऱ्यांसाठी नियम लिहून ठेवलेत, आयआरसी १०३ नावाचे. त्यात फुटपाथची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर हवी असं म्हटलंय. म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींना घासून का होईना, पार होतील एवढी. आमच्या दोनशे पावलांत आई आणि तिची भाजीची पिशवी शेजारी शेजारी मावत नाहीत. पिशवी पुढे धरावी लागते.

आणि ही सकाळी नऊची गोष्ट. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळीसच्या वर असतो तेव्हा हेच तेराशे मीटर कसे लागतात ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

आता भिंतींचं. केंद्राचं स्वच्छ सर्वेक्षण २०१६ साली सुरू झालं, २०२० मध्ये राज्याचं माझी वसुंधरा अभियान आलं, आणि महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांच्या कंपाऊंड भिंती रंगायला लागल्या. हेतू वाईट नाही हे आधीच कबूल करतो. त्याच भिंतींचा पूर्वी काय उपयोग व्हायचा ते आपण सगळे जाणतो! पण मंडईच्या वाटेवर एक भिंत दिसली. कुणाची ते सांगत नाही, सांगून उपयोग नाही. तिच्यावर हिरवागार वड, खोडाला मिठी मारणारी दोन मुलं आणि वर 'झाडे लावा, झाडे जगवा'. चित्रातल्या खोडाच्या बरोबर समोर कापलेल्या झाडाचा बुंधा. त्या बुंध्यावर एक आजोबा बसले होते, डोक्यावर टॉवेल घेऊन, रिक्षाची वाट बघत. उन्हात.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. क्लायंटच्या डेमोसाठी झकास स्क्रीन बनवलीय, पण मागे डेटाबेसच नाही. बटण दाबा, काही होत नाही.

पुढची भिंत वारलीची. वारली चित्रांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. ती पालघरकडच्या वारली लोकांची कला. लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर बायका तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहितात. जिव्या सोमा मशे ह्यांनी ती जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण धाराशिवात तिचं काय काम? आमच्या गावात त्या नाचणाऱ्या माणसांना ना कुणी ओळखतं ना कुणी विचारतं. रंगवणाऱ्याला ते चित्र येतं आणि चौरस फुटाचा दर ठरलेला असतो, एवढाच संबंध. म्हणजे वारल्यांचाही अपमान आणि आमचाही.

कारण आमच्याकडे भिंतीवर काढायला काही नाही असं थोडंच आहे? गावापासून वीसेक किलोमीटरवर तेर आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं मोठं शहर सांगितलंय. तिथून कापड गाड्यांत भरून थेट भडोचला जायचं. ते तगर म्हणजे आपलं तेर, हे फ्लीटने १९०१ साली मांडलं. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या बाहुल्या आहेत. काय एकेकीची केशभूषा, काय कानातली! एक हस्तिदंती बाई आहे, तशीच एक इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली. तेर हेच गोरोबाकाकांचं गाव, जिथं कुंभाराने थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चं मडकं कुठलं ते सांगितल्याची गोष्ट प्रत्येक शाळकरी पोराला पाठ आहे. तुळजापूरच्या कवड्यांच्या माळा, संबळ, पोत. शहरापासून आठेक किलोमीटरवर बालाघाटाच्या कड्यात कोरलेली धाराशिव लेणी. अहो, उस्मानाबादी शेळी घ्या! जातिवंत म्हणून देशभर नाव आहे तिचं. ती रंगवा भिंतीवर. निदान पोरं थांबून बघतील.

भिंत आणि तिच्या समोरचं आयुष्य ह्यांचा संबंध जुळला की काय होतं ते मुंबईत दिसलं होतं. २०१७ साली ससून डॉकला स्ट्रीट आर्टचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तिथल्याच कोळी लोकांचे चेहरे भिंतींवर आले होते. माशांचा वास तसाच, गडबड तशीच. चित्र समोरच्या माणसांचं होतं, म्हणून बघताना कुणाची तरी ओळख झाल्यासारखं वाटायचं.

पण चित्राचा मुद्दा दुसरा. पहिला मुद्दा सावलीचा, आणि तिथं कायदा आपल्या बाजूचा आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. नागरी भागातल्या झाडांसाठी राज्याचा १९७५ चा कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' धरायचं, आणि कापायचंच झालं तर त्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची. साठ वर्षांची चिंच पाडलीत तर साठ रोपं. शिवाय दर पाच वर्षांनी झाडांची मोजणी. झाड कापण्याआधी नोटीस निघते, हरकत घेता येते. आपल्याला कळतं कधी? बुंधा दिसल्यावर. आणि बदली झाड म्हणून जे येतं ते बऱ्याचदा कोनोकार्पस, दोन वर्षांत हिरवं दिसतं म्हणून. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आमचा कडुलिंब काय वाईट होता? तीन उन्हाळे पाणी घातलं की चौथ्या वर्षी स्वतःचं स्वतः बघतो.

"लहान गावात कोण चालतंय हो? सगळ्यांकडे गाड्या आहेत." हे मला एका मित्राने ऐकवलं. अरे बाबा, कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी किती लोक येतात ते बघितलंयस का? पंचेचाळीस किलोमीटर, रात्रभर, शेजारून ट्रक जात असताना. नवरात्रात भवानी ज्योत घेऊन पळणारी पोरं बघितलीस? आमच्या जिल्ह्याइतकं चालणारा जिल्हा शोधून दाखव. आमची माणसं चालतात, आमचे रस्ते त्यांना चालू देत नाहीत.

दुसरा आक्षेप फेरीवाल्यांचा, की फुटपाथ केले की तेच अडवतात. मला तसं दिसलं नाही. त्या नऊ झाडांपैकी सहा झाडांखाली कुणी ना कुणी बसलेलं होतं. चप्पल शिवणारा, लिंबू-मिरचीवाली, किल्ल्या बनवणारा. सावली कुठे आहे ते नगररचनाकारांच्या आधी त्यांना कळतं. फुटपाथ अडवला होता तो मोटरसायकलींनी, आणि त्यातली एक, कबूल करतो, माझ्या चुलतभावाची होती.

आणि आता आपल्यावर येतो, म्हणजे माझ्यासारख्या पुण्यात राहून आयटीत नोकरी करणाऱ्यांवर. २०२३ च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडी वाचवायला मोर्चा निघाला तेव्हा मी गेलो होतो, टोपी घालून, हातात फलक. चांगलंच केलं. रविवारी पैसे भरून पेठांमधला हेरिटेज वॉक करतो, कसब्यात भिंतीवरच्या चित्रांचे फोटो काढतो. आणि ऑफिसात कुणी विचारलं, तुझ्या गावाला बघण्यासारखं काय आहे रे, तर मीच म्हणतो, "काही नाही यार, दुष्काळी भाग." धाराशिव लेण्यांत मी शेवटचा गेलो तो सातवीच्या सहलीत. तेरला तर नोकरी लागल्यावर पहिल्यांदा गेलो, तेही पाहुण्यांना दाखवायला! २०२३ मध्ये गावाचं नाव बदललं तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर कडाक्याचं भांडण झालं. दोन्ही बाजू हिरीरीने. मंडईच्या रस्त्यावरचं झाड पडलं तेव्हा त्या ग्रुपवर एक ओळ नाही. माझीही नाही.

तर सध्या ठरवलंय ते एवढंच. पुढच्या खेपेला टेप घेऊन जाणार. आमच्या घरापासून मंडईपर्यंत आणि मंडईपासून एसटी स्टँडपर्यंत प्रत्येक झाडाचा घेर, फुटपाथची रुंदी आणि बुंधे, सगळं एका एक्सेलमध्ये भरणार. मग झाडांची शेवटची मोजणी कधी झाली आणि त्यात आमच्या रस्त्यावर किती झाडं लिहिलीत ते माहितीच्या अधिकारात विचारणार. दोन आकडे जुळले नाहीत की बग सापडला. शाळेच्या ग्रुपवर विचारलं, दोघं यायला तयार झालेत. त्यातला एक चित्रं चांगली काढतो, त्याला तेरच्या बाहुल्यांचे फोटो पाठवलेत.

आईला फोनवर हे सांगितलं. म्हणाली, "मोज की. पण उन्हाच्या आत मोज, आणि येताना मंडईतून कोथिंबीर आण."