‘येथे क्लिक करा’ पुसा, लिंक कशाची आहे ते लिहा

श्रीरामपूर शहरातल्या आणि तालुक्यातल्या शाळा, महाविद्यालये, पतसंस्था, दवाखाने, क्लासेस, सहकारी संस्था, बातम्यांची पोर्टल आणि सेवा केंद्रे चालवणाऱ्या सर्वांना, तसेच त्यांच्या वेबसाइट तयार करून देणाऱ्या तरुणांना हे कळकळीचे आवाहन आहे.

तुमच्या वेबसाइटवर ‘येथे क्लिक करा’, ‘पहा’, ‘डाउनलोड’, ‘अधिक वाचा’ एवढेच शब्द लिंक म्हणून जिथे जिथे असतील, तिथे ते काढा आणि ती लिंक कशाची आहे ते लिहा. हे काम याच आठवड्यात हाती घ्या. त्याला निधी लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. ज्याच्याकडे वेबसाइटचा पासवर्ड आहे त्याने जेवणाच्या सुट्टीआधी सुरुवात केली तरी संध्याकाळपर्यंत मुखपृष्ठ दुरुस्त होते.

घाई कशासाठी, तेही सांगतो. अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश पूर्वी मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती या शहरांपुरते होते. २०२५-२६ पासून ते राज्यभर लागू झाले. आता टाकळीभानच्या किंवा उंदिरगावच्या मुलालाही प्रवेशासाठी वेबसाइटच उघडावी लागते. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी, दाखल्यांसाठी आपले सरकार, दिव्यांगांच्या यूडीआयडी ओळखपत्रासाठी स्वावलंबन पोर्टल, असे सगळेच आता पडद्यावर आले आहे. प्रत्येक अर्जाला शेवटची तारीख असते आणि ती कुणासाठी थांबत नाही. जिल्ह्याचे ठिकाण श्रीरामपूरहून साठ-सत्तर किलोमीटर लांब. डोळस माणूस एसटीने जाऊन साहेबांना विचारून येतो. अंध माणसाचा तो हेलपाटा वाचावा, यासाठीच तर वेबसाइट हवी. तीच त्याला वाचता येत नसेल तर त्याने जायचे कुठे?

अंध व्यक्ती वेबसाइट कशी वाचते हे अनेकांनी पाहिलेले नसते, म्हणून ही मागणी त्यांना किरकोळ वाटते. संगणकावर किंवा फोनवर स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम असतो. पडद्यावरचा मजकूर तो मोठ्याने वाचून दाखवतो. एनव्हीडीए हा त्यातला मोफत मिळणारा प्रोग्राम. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने तो २००६ मध्ये लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याच्या जोडीला आला. आज तो मराठीही वाचतो. आपण पान उघडल्यावर वरपासून खालपर्यंत नजर फिरवतो आणि हवे ते शोधतो. ऐकणाऱ्याला अशी नजर फिरवता येत नाही. तो आधी मथळे ऐकत जातो, किंवा पानावरच्या सगळ्या लिंकची यादी मागवतो. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि एफ-७ या कळा एकत्र दाबल्या की ती यादी समोर येते. तिच्यात भोवतीचा मजकूर नसतो, फक्त लिंकचे शब्द असतात.

आता एखाद्या महाविद्यालयाच्या सूचनांचे पान डोळ्यांसमोर आणा. तक्त्यात डावीकडे विषय, मध्ये तारीख, उजव्या टोकाला ‘पहा’. सूचना चाळीस असतील तर ‘पहा’ही चाळीस. त्या पानावरची लिंकची यादी कानाला अशी ऐकू येते: “पहा, लिंक. पहा, लिंक. पहा, लिंक. पहा, लिंक.” यातली गुणवत्ता यादी कोणती, वसतिगृहाचा अर्ज कोणता, गेल्या वर्षीचे वेळापत्रक कोणते, काही कळत नाही. मग एकेक रकाना मागे-पुढे ऐकत जुळवाजुळव करायची, नाहीतर एकेक फाइल उघडून पाहायची. चुकीची उघडली की परत यायचे आणि यादीत आपण कुठे होतो ते पुन्हा शोधायचे. डोळस मुलाचे जे काम दोन सेकंदांत होते, त्यासाठी अंध मुलाची अर्धी दुपार जाते. आणि इतके करूनही खरी सूचना हुकली, तर आपण खुशाल म्हणतो की त्याने लक्ष दिले नाही.

कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आहेत, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. जागा राखीव ठेवायची आणि तिची जाहिरात ‘पहा’च्या मागे लपवायची, हा अन्याय आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील स्क्रीन रीडरवर अभ्यास करून भारतीय प्रशासकीय सेवेत पोहोचल्या. त्यांचे सत्कार आपण हौसेने करतो. पण त्या वाटेवर निघालेल्या आपल्या तालुक्यातल्या मुलीला जाहिरातीची लिंक सापडते का, हे कुणी तपासत नाही.

हा प्रश्न फक्त पूर्ण अंध व्यक्तींचा आहे असेही समजू नका. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यांत दृष्टिदोष असलेले सुमारे ५० लाख. शिवाय मधुमेहाने किंवा मोतीबिंदूने नजर अधू झालेले आपले वडीलधारे आहेत. कांद्याचे बाजारभाव पाहणारे एखादे शेतकरी काका फोनवरची अक्षरे चौपट मोठी करून वाचतात. तेवढे मोठे केल्यावर पडद्यावर तक्त्याचा एक कोपरा तेवढा उरतो. त्या कोपऱ्यात ‘पहा’ दिसते आणि ते कशाचे, हे सांगणारा रकाना पडद्याबाहेर गेलेला असतो. हात चालत नाहीत म्हणून फोनला तोंडी आज्ञा देणारेही आहेत. ते लिंकचे नाव उच्चारून ती उघडतात. एकाच नावाच्या चाळीस लिंक असतील तर फोनने नेमकी कोणती उघडायची?

दुरुस्ती कशी करायची, ते सोदाहरण सांगतो.

‘प्रवेश अर्जासाठी येथे क्लिक करा’ या वाक्यात बहुतेक ठिकाणी ‘येथे’ किंवा ‘येथे क्लिक करा’ एवढ्यालाच लिंक दिलेली असते. ती काढा आणि ‘अकरावी विज्ञान प्रवेश अर्ज’ या शब्दांनाच लिंक द्या. फाइल असेल तर तिचा प्रकार आणि आकारही तिथेच लिहा: ‘वसतिगृह नियमावली, पीडीएफ, २ एमबी’. मोजक्या डेटा पॅकवर चालणाऱ्या प्रत्येकाला त्याचा उपयोग होतो. तक्ता ठेवायचाच असेल तर ‘पहा’चा रकाना काढून टाका आणि पहिल्या रकान्यातल्या सूचनेच्या नावालाच लिंक द्या. पतसंस्थेच्या पानावर तीन ठेव योजना आणि तिन्हींखाली ‘अधिक माहिती’ असेल, तर ‘मुदत ठेवीचे व्याजदर’, ‘आवर्त ठेवीचे नियम’, ‘ज्येष्ठ नागरिक ठेव योजना’ असे लिहा. दवाखान्याने ‘क्लिक करा’ऐवजी ‘बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा’ लिहावे. मुख्य शब्द आधी येऊ द्या, कारण यादी ऐकणारा पहिल्या दोन शब्दांवरच पुढे जायचे की थांबायचे ते ठरवतो. पण अख्खा परिच्छेदही लिंक करू नका, ऐकताना तो संपता संपत नाही.

चित्रांच्या लिंक आणखी त्रासदायक. जाहिरातीचा फोटो टाकला, त्यालाच लिंक दिली आणि चित्राचे वर्णन रिकामे सोडले, की स्क्रीन रीडर फाइलचे नाव किंवा पत्त्यातली अक्षरे वाचत सुटतो. अमेरिकेतल्या युटा राज्य विद्यापीठाची वेबएम ही संस्था दरवर्षी जगातल्या १० लाख वेबसाइटची मुखपृष्ठे तपासते. २०२५ मध्ये त्यांतल्या सुमारे ४५ टक्के पानांवर एक तरी लिंक अशी होती, जिला वाचता येण्याजोगे शब्दच नव्हते. म्हणजे हा दोष एकट्या श्रीरामपूरचा नाही. पण आपल्या घरातला तो आपणच काढायचा.

मराठीपुरती एक अडचण वेगळी आहे, ती संस्थांच्या कार्यालयांत हमखास सापडते. जुन्या कृतिदेवमध्ये किंवा जुन्या श्रीलिपीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती भलतीच अक्षरे असतात. स्क्रीन रीडर ती निरर्थक बडबड केल्यासारखी वाचतो. लिंकचे शब्द आणि सूचना युनिकोडमध्येच लिहा. वेबसाइट करणाऱ्या मुलांनी पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद करावी, नाहीतर इंग्रजी आवाज मराठी मजकूर वाचायला जातो आणि त्यातले काहीही कळत नाही.

कोपऱ्यात दिव्यांगांचे चिन्ह असलेले बटण बसवले की वेबसाइट सुगम झाली, असे सांगून वर्गणी घेणारे विक्रेते फिरत असतात. त्यांच्यावर विसंबू नका. त्या बटणाने अक्षरे मोठी होतील, रंग बदलतील, पण चाळीस ‘पहा’च्या मागे काय आहे ते त्याला कुठून ठाऊक असणार? अशाच एका उत्पादनाबद्दल दिशाभूल करणारे दावे केल्यावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये ॲक्सेसिबी या कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले. लिंकचे शब्द माणसानेच लिहायचे असतात, आणि ते लिहायला आपल्या कार्यालयातला लिपिक सर्वांत योग्य, कारण कोणती फाइल कशाची आहे हे त्यालाच माहीत असते.

ज्यांना हे सगळे ऐच्छिक वाटते, त्यांच्यासाठी कायद्याचेही सांगतो. प्रत्येक लिंकचा उद्देश स्पष्ट असावा, हे वेबसाइटच्या सुगमतेविषयीच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांच्या १९९९ च्या पहिल्या आवृत्तीतच आहे. नंतरच्या आवृत्त्यांत हा निकष ‘ए’ या पातळीवर, म्हणजे किमान अटींमध्ये ठेवला आहे. भारत सरकारची वेबसाइटविषयक मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे आणि तो खासगी आस्थापनांनाही लागू होतो. कायदा किंवा त्याखालचे नियम मोडल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने, सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, बंधनकारक किमान नियम करा, असा आदेश दिला. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. खात्यासाठी केवायसी करताना डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, अशी अट ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना आणि अंध व्यक्तींना कशी पूर्ण करता येईल, हा त्या खटल्यातला प्रश्न होता. पण श्रीरामपुरात हे काम दंडाच्या भीतीने व्हावे असे मला वाटत नाही. शेजारच्या घरातल्या मुलाला अर्ज भरता यावा, एवढे कारण आपल्या गावाला पुरेसे आहे.

ज्यांच्याकडे वेबसाइट नाही, त्यांनीही हात लावावा. व्हॉट्सॲपच्या गटात नुसती लिंक टाकून ‘महत्त्वाचे, सर्वांनी पाहा’ लिहू नका. ती कशाची आहे आणि शेवटची तारीख काय, हे एका ओळीत आधी लिहा. जाहिरातीचा फोटो पुढे पाठवताना त्यातला मजकूर खाली टाइप करा. सेवा केंद्रचालकांनी अंध ग्राहकाचा अर्ज परस्पर भरून देण्याआधी, त्याला स्वतः भरायचा आहे का, हे विचारावे. शाळेची किंवा बँकेची वेबसाइट वाचता येत नसेल तर तसे त्या संस्थेला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी गावातली एकेक वेबसाइट वाटून घ्यावी, तिच्या लिंकची यादी काढावी आणि ती त्या संस्थेच्या प्रमुखांच्या टेबलावर ठेवावी.

संस्थाप्रमुखांनी स्वतःही एक करून पाहावे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या विभागात टॉकबॅक असते. ते सुरू करा. बोट पडद्यावर उजवीकडे सरकवले की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. डोळे मिटून आपल्याच संस्थेच्या वेबसाइटवर ताजी सूचना शोधा. सापडली नाही, तर काय बदलायचे ते तुम्हाला कुणी वेगळे सांगायला नको.

आज मुखपृष्ठ, उद्या सूचनांचे पान, मग अर्ज आणि शुल्काची पाने, या क्रमाने दुरुस्ती करा. जुनी पाने सवडीने झाली तरी चालतील, नवी सूचना मात्र आजपासून नीट नाव देऊनच चढवा. काम झाले की तालुक्यातल्या स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीला बोलवा, तिच्या वेळेचे रीतसर मानधन द्या, आणि ती जिथे अडेल तिथली लिंक तिच्यासमोरच पुन्हा लिहा.