बंदी सायकलीवरच का?

विद्यार्थ्यांनी सायकलने येऊ नये, असा आदेश शाळा काढतात तेव्हा सुरक्षिततेचे कारण पुढे केले जाते. ते खोटे नाही. सायकलींचे शहर म्हणून एकेकाळी मिरवलेल्या पुण्यात महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. सायकलमार्गांवर मात्र आजही दुचाक्या उभ्या असतात. परंतु शाळेच्या फाटकाशी धोका निर्माण करतात त्या मुलांना सोडायला आलेल्या मोटारी, आणि एक सायकल बंद झाली की त्यांत आणखी एकीची भर पडते. तिकडे मागास तालुक्यांतील गरजू मुलींना शाळेत जाता यावे म्हणून राज्य शासनच मानव विकास कार्यक्रमातून सायकली देते! शाळा सुटताना फाटकापुढचा रस्ता मोटारींना बंद करा, अशी मागणी सायकलबंदी करणाऱ्या किती शाळांनी केली?