वेळेआधी पोहोचण्याचं गौडबंगाल

संपादक महोदय,


आपल्या प्रवास पुरवणीतल्या तक्त्यात मुंबई–चेन्नई विमानप्रवास ‘दोन तास’ असा दिला आहे. आकडा चुकीचा नाही, तिकिटावरही साधारण तेवढाच असतो. पण तो ‘उड्डाणाचा वेळ’ या मथळ्याखाली छापलात, तिथे घोटाळा झाला.

या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे १,०३० किलोमीटर. जेट विमान ताशी आठशेच्या आसपास जातं. चढण-उतरण धरूनही ते हवेत दीड तासाच्या आगेमागेच असतं. मग बाकीचा अर्धा तास? तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं तिथून ते पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे रांग लागते, हे मान्य. शिवाय पावसाळ्यात द्वीपकल्पावर उंचावरून पूर्वेचे जोरदार वारे वाहतात (हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्यांच्यावर लिहिलं होतं), म्हणजे मुंबईहून येताना वारा समोरून. पण त्याने फरक पडतो तो काही मिनिटांचा. या सगळ्यावर कंपन्या आपल्या हिशेबाने आणखी राखीव मिनिटं घालतात.

गेल्या महिन्यात आम्ही चेन्नईच्या मीनंबाक्कम विमानतळावर वीस मिनिटं आधी उतरलो. आतून अभिमानाने घोषणा झाली, दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या. मग विमान उभं करायला जागा नाही म्हणून पंधरा मिनिटं तसेच बसलो. तरी कागदोपत्री आम्ही वेळेआधीच!

वक्तशीरपणा मोजताना पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर धरतच नाहीत. त्यात एका फेरीत राखलेली मिनिटं पुढची फेरी वेळेवर सुटायला उपयोगी पडतात. मग टक्केवारी चांगली दिसली तर नवल काय?

१९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला आणलेलं टपाल वैमानिक नेव्हिल विन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला पोहोचवलं. तेव्हा वेळ ठरवायचे ते विमानाचा वेग आणि हवामान. आज तो वेळ जमिनीवरची गर्दी ठरवते, आणि नेमकी तीच तिकिटावर दिसत नाही.

राखीव वेळ ठेवूच नये, असं मी म्हणत नाही. पुढचं विमान पकडायचं असलेल्याला तो हवाच. पण तो लपवू नका. तिकिटावर दोन आकडे छापा, हवेतला वेळ वेगळा आणि एकूण वेळ वेगळा. महिन्यामागून महिना दुसराच फुगत गेला, तर दोष विमानाचा की विमानतळाचा, हे प्रवाशालाही कळेल. कंपन्या करतील तेव्हा करतील. आपल्या तक्त्यात एक रकाना वाढवायला मात्र कोणाची परवानगी लागणार नाही.

— एक वाचक, नंगनल्लूर, चेन्नई