फिरायला जाताना यादी नको, मर्यादा हवी



चातुर्मास लागायच्या आधी, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, आम्ही स्कॉटलंडला जाऊन आलो. लेक-जावई एडिनबरोला असतात. जावयांनी सात जणांची गाडी भाड्याने घेतली आणि आम्ही सहाजण निघालो: ते दोघं, चार वर्षांचा नातू, मी, आमचे हे आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. परत आल्यापासून बस्तीत, भिशीत सगळ्या एकच विचारतात, "काय काय बघितलं?" माझं उत्तर ऐकून बऱ्याचजणींचा हिरमोड होतो. कारण यादीतलं निम्मंसुद्धा आम्ही बघितलं नाही, आणि मला त्याचं आता वाईट वाटत नाही.

आधी तिथल्या हवेबद्दल सांगते. अटलांटिकवरून येणारे ओले वारे पश्चिमेकडच्या डोंगरांना अडतात आणि तिथेच रिते होतात. अगदी आपल्या सह्याद्रीसारखं. गगनबावड्याला धो धो आणि शिरोळला नुसतं ढगाळ, तसंच तिथेही पश्चिमेच्या फोर्ट विल्यमला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि पूर्वेच्या एडिनबरोला त्याच्या निम्म्याहूनही कमी. पण आपला पाऊस एकदा आला की मुक्कामाला येतो. तिथला दिवसातून दहा वेळा येतो-जातो. ग्लेनकोच्या खोऱ्यात आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा लख्ख ऊन होतं. नातवाला रेनकोट घालेपर्यंत पाऊस आला, आणि रेनकोटाची चेन लावून होईपर्यंत थांबलासुद्धा!

खाण्याची तयारी मी घरूनच केली होती. भारतातून तिकडे दूध-तुपाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे-लाडू घरीच राहिले. मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, बिनलसणाचं भडंग एवढं बॅगेत गेलं. मुक्कामाची घरं स्वयंपाकघर असलेलीच घेतली होती. सकाळी मुगाची खिचडी नाहीतर थालीपीठ करून डबे भरायचे आणि निघायचं. दुकानात लेक प्रत्येक पाकीट उलटं करून वाचायची. जिलेटिन आहे का, ई १२० आहे का. ई १२० म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग. मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांवर हे जरूर बघत जा.

खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी झाली, स्काय बेटावर. जावयांनी रात्री बसून सात ठिकाणांची यादी केली होती. पहिलंच ठिकाण ओल्ड मॅन ऑफ स्टॉर, सुमारे पन्नास मीटर उंचीचा उभा सुळका. आम्ही पायथ्याशी पोहोचलो तर सुळका सोडाच, समोरची पायवाटही धुक्यात दिसेना. वीस मिनिटं थांबलो. हे म्हणाले, "एवढे पैसे खर्चून आलोय, निदान पुढचं तरी गाठू." मीही मान हलवली. खोटं कशाला बोलू, मलाही फोटो हवेच होते.

पुढे क्विरेंगचा घाट. रस्ता एका गाडीपुरता, मध्ये मध्ये बाजूला थांबायला जागा केलेल्या. समोरून एक मोठी कॅम्पर व्हॅन धुक्यातून एकदम पुढ्यात आली. जावयांनी गाडी मागे घेतली आणि डावं चाक रस्त्याच्या कडेच्या ओल्या मातीत घसरलं. क्षणभर गाडी कलली. कोणाला काही झालं नाही, पण नातू घाबरून रडायला लागला आणि माझे हात थरथरायला लागले. सासूबाईंचा णमोकार चालूच होता. गाडी रस्त्यावर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, आज इथपर्यंतच. सकाळी हद्द ठरवली असती तर ही वेळ आली नसती."

ही हद्द म्हणजे काय, ते आपल्याला नवं नाही. दिग्व्रतात आयुष्यभरासाठी दिशांची मर्यादा घालायची आणि देशव्रतात, म्हणजे देशावकाशिकात, ती रोजच्यापुरती आणखी आवळायची. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात तर सीमेच्या खुणाही दिल्या आहेत: घर, गाव, शेत, नदी, वन. सासूबाई घरी रोज सकाळी ही मर्यादा घेतात. मी इतकी वर्षं ते ऐकत आले आणि मनात म्हणत आले, आता गल्लीच्या बाहेर न जाणाऱ्या बाईला मर्यादा कसली? त्या दिवशी कळलं की जो भरपूर फिरतो त्यालाच तिची जास्त गरज आहे.

धुकं निवळेपर्यंत आम्ही थांबलो, हळूहळू खाली आलो आणि समुद्र दिसेल अशा जागी गाडी लावून डबे उघडले. तिथे दुसरा विषय निघाला. जूनमध्ये तिकडे रात्री सव्वादहाच्या पुढे सूर्य मावळतो. हे गमतीने म्हणाले, "इथे बरंय, दहा वाजता जेवलं तरी नियम मोडत नाही." सगळे हसले, लेक मात्र हसली नाही. म्हणाली, "आणि डिसेंबरमध्ये पावणेचारच्या आत मावळतो, बाबा. तेव्हा मी ऑफिसात असते." मग खाली बघून म्हणाली, "आई, पहिल्याच हिवाळ्यात माझा नियम मोडला. त्यानंतर मी सोडूनच दिला. तुला सांगायचं धाडस झालं नाही."

मला राग आला. तीन वर्षं फोनवर "जेवलीस का वेळेत?" विचारत होते आणि ती "हो" म्हणत होती. मी काही बोलणार तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. लेकीला म्हणाल्या, "बाळा, आयुष्यभराचा तो यम, ठरावीक काळाचा तो नियम. दोन्ही शास्त्रातच सांगितलेत. तुला जन्मभराचं आज झेपत नसेल तर झेपेल तेवढ्याचं घे. पण घेतलेलं मोडू नकोस, आणि मोडलं तर लपवू नकोस."

तिथेच गाडीत बसून लेकीने नियम घेतला. एप्रिल ते सप्टेंबर रोज सूर्यास्तापूर्वी जेवण, हिवाळ्यात शनिवार-रविवार आणि अष्टमी-चतुर्दशी, त्या दिवशी ऑफिसात दुपारचाच डबा शेवटचा.

तुमच्यातल्या काहीजणी म्हणतील, रात्रीभोजनत्याग हा श्रावकाचा मूळ आचार, त्याला ऋतूची सवलत कशी? आक्षेप मला मान्य आहे. मी स्वतः लेकीला अशी सवलत सुचवली नसती. पण आपल्या परदेशातल्या मुलींकडे जरा बघा. एकीकडे "बाहेर गेल्यावर कसले नियम" म्हणणारे, दुसरीकडे "सगळं पाळ नाहीतर तू जैन कसली" म्हणणाऱ्या आपण. या दोन्हींच्या मध्ये मुलगी गप्प होते, आणि मग खोटं बोलायला शिकते. सगळंच सोडून खोटं बोलण्यापेक्षा थोडं घेऊन खरं बोलणं मला धर्माच्या जास्त जवळचं वाटतं.

सवलतीचा दुसरा अर्थ मात्र काढू नका. सासूबाई तिथेही रोज सहाला जेवल्या. सूर्य चांगला वर होता. नातवाने विचारलं, "पणजी, अजून उजेड आहे की, खा ना!" त्या म्हणाल्या, "उजेड आहे रे, पण भूक नाही."

उरलेले दोन दिवस आम्ही सकाळी निघतानाच ठरवायचो: आज या पुलापर्यंत, आज या गावापर्यंत. हवा बिघडली तर आणखी अलीकडे. ठिकाणं कमी झाली, पण गाडीतली भांडणं थांबली. आयलीन डोनन किल्ल्यासमोर आम्ही दीड तास नुसते बसलो. तेवढ्यात तो पावसात बघितला, उन्हात बघितला आणि ढगांच्या सावलीतही बघितला. यादीप्रमाणे गेलो असतो तर फोटोपुरती दहा मिनिटं मिळाली असती.

तेव्हा मैत्रिणींनो, परदेशी जा, जरूर जा. पण बॅग भरताना मेतकुटाबरोबर रोजची हद्दही घेऊन जा. आणि लेक तिकडे असेल तर "जेवलीस का वेळेत?" याऐवजी एकदा विचारा, "तुला तिथे काय जड जातंय?" माझ्या लेकीला हे विचारायला मला तीन वर्षं लागली.