रात्रपाळीतल्या सिस्टरला एकटं सोडू नका

९ जानेवारी २०२१च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली, दोन दिवसांनी विरारच्या एका रुग्णालयाचा आयसीयू पेटला आणि ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या सिव्हिलमध्ये ११ कोविड रुग्ण आगीत दगावले. एक राज्य, एक वर्ष, चार दुर्घटना.

दर वेळी चौकशी समिती बसली, फायर ऑडिटचे आदेश सुटले. नगरला तर एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. दोष कुणाचा, ते न्यायालय बघेल. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. आग लागल्यावर पहिल्या दोन मिनिटांत काय करायचं, हे वॉर्डातल्या या माणसांच्या हातून कुणी कधी करून घेतलं होतं का?

ही दोन मिनिटं सोपी नसतात. धूर आगीच्या आधी जीव घेतो, म्हणून दार लावून तो अडवायचा. जागचे हलू न शकणारे रुग्ण चादरीत किंवा गादीसकट जमिनीवरून ओढत न्यायचे, तेही आधी त्याच मजल्यावरच्या सुरक्षित भागात, जिना नंतर. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद करायचा, पण त्या लाइनवर कोण कोण आहे हे बघून. तो बंद करायचा हुकूम रात्री दोन वाजता द्यायचा कुणी? अग्निशामक नळकांड्याची पिन काढायची, नळी ज्वाळांवर न धरता आगीच्या बुडाशी धरायची, हँडल दाबायचं, डावी-उजवीकडे फिरवायचं. नळकांडं काही सेकंदांतच रिकामं होतं, त्यामुळे सूचना वाचत बसायला वेळ नसतो. हे हाताला सवयीनेच येतं.

महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे आगविरोधी यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. ते प्रमाणपत्र यंत्रणेचं असतं, ती वापरणाऱ्या हातांचं नव्हे. मॉक ड्रिलही होतं. १९४४ साली मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून अग्निसेवा सप्ताह पाळतात, तेव्हा तर हमखास होतं. सकाळी अकरा वाजता, आवारात, पत्र्याच्या डब्यात पेटवलेल्या आगीवर! फोटो निघतात. रात्रपाळी करून आलेली सिस्टर त्या वेळी घरी झोपलेली असते, आणि कंत्राटी मामा-मावशींना बोलवायचं कुणाला सुचत नाही.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डाची दारं लावून घेतली आणि २० गर्भवती बायकांना पँट्रीत हलवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्यावर, बाहेर गोळीबार चालू असताना, भिंतीच्या कडेकडेने तिला प्रसूतिगृहापर्यंत नेलं. पुढे त्या दहशतवाद्यांपैकी कसाबविरुद्ध साक्षही दिली. आपण अशा बायकांचे सत्कार करतो, ते करावेतच. पण एखादीच्या धाडसावर अख्खं सिव्हिल सोडून देणं, याला मी बेफिकिरी म्हणतो.

आणि प्रशिक्षण दिलं तरी कामात जीव कुणाचा राहील? ज्याला आपलं म्हणणं ऐकलं जातं असं वाटतं, त्याचा. प्लग गरम होतोय, मागचं दार कुलूपबंद असतं, वॉर्मरच्या वायरीला जळका वास येतोय, हे सगळ्यात आधी इन्चार्ज सिस्टरला आणि सफाईवाल्या मावशीला कळतं. ती रजिस्टरात लिहिते. उत्तर येत नाही. दोनदा-तीनदा असं झालं की ती लिहायचं सोडते. अकरा महिन्यांची ऑर्डर, रखडलेला पगार, एकटीच्या अंगावर भरलेला वॉर्ड आणि काही घडलं की पहिली नोटीस तिलाच. मग ती हजेरीपुरती उरते. १२ मेला, परिचारिका दिनी, दिलेल्या गुलाबाच्या फुलाने हे भरून निघत नाही. प्रशिक्षण द्यायचं आणि तिचं ऐकायचं नाही, हा नुसता कागदोपत्री उद्योग झाला.

म्हणून मागण्या नेमक्या करू या. वर्षातून किमान दोन ड्रिल रात्रपाळीत, सूचना न देता. कायम-कंत्राटी असा भेद न करता. नवा माणूस वॉर्डात उभा राहण्याआधी व्हॉल्व्ह, मेन स्विच आणि बाहेरची वाट त्याला दाखवलेली असावी. धोक्याच्या प्रत्येक नोंदीला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळावं, आणि नोंद करणाऱ्यावर डूख धरला जाऊ नये. दुर्घटनेतून वाचलेल्या कर्मचाऱ्यांना चौकशीच्या जोडीला समुपदेशनही मिळावं. यातल्या बहुतेक गोष्टींना नवी इमारत लागत नाही, फार पैसाही लागत नाही.

तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले, सैन्यातून परतलेले कुणी गावात असतील, तर त्यांनी दोन रात्री शिकवायला द्याव्यात. गणेश मंडळांनी, महिला बचत गटांनी, डॉक्टरांच्या संघटनांनी हा विषय अंगावर घ्यावा. बाकीच्यांनी निदान एक अर्ज करा. समितीच्या अध्यक्षांच्या नावे दोनच ओळी लिहा: “आपल्या रुग्णालयात रात्रपाळीतलं शेवटचं मॉक ड्रिल कोणत्या तारखेला झालं? त्यात किती कंत्राटी कर्मचारी होते?” पोच घ्या, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला पुन्हा जा.